हृदयाला गुंडाळलेल्या स्नायूचे टोक जगवताना: ग्रोथ फॅक्टरच्या प्रायोगिक वापराची पद्धत

पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद, पातळ स्नायू मुख्य रक्तवाहिनी आणि नस यांच्यासह सोडवून घ्यायचा, बरगडीचा तुकडा काढून केलेल्या खिडकीतून छातीत आणायचा, निकामी होत चाललेल्या हृदयाभोवती गुंडाळायचा आणि पेसमेकरसारख्या यंत्राने हृदयाच्या ठोक्याबरोबर त्याचे आकुंचन घडवून आणायचे, या शस्त्रक्रियेला डायनॅमिक कार्डिओमायोप्लास्टी म्हणतात. आलँ कार्पाँतिए आणि हुआन-कार्लोस चाचकेस यांनी ती पॅरिसमध्ये १९८५ साली माणसावर प्रथम केली. पुढची दहाबारा वर्षे अनेक देशांत ती होत राहिली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिची मोठी तुलनात्मक चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने अर्ध्यावर थांबली, दरम्यान हृदयाला मदत करणारे यांत्रिक पंप सुधारले आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. आज ती नेहमीचा उपचार म्हणून केली जात नाही, त्यामुळे पुढील मजकुरात रुग्णाने स्वतःसाठी उपचार शोधू नये. तो हृदयशस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी किंवा शरीरक्रियाशास्त्र यांत पदव्युत्तर काम करणाऱ्या आणि प्राण्यांवरील प्रयोग आखू पाहणाऱ्या वाचकासाठी आहे.

शस्त्रक्रिया मागे पडली तरी तिच्यातला प्रश्न मागे पडलेला नाही. छातीत आणलेला कोणताही स्नायू, मग तो हृदयाला आधार देण्यासाठी असो, उरोस्थीच्या जंतुसंसर्ग झालेल्या जखमेत भरण्यासाठी असो किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या पापुद्र्याच्या रूपात असो, रक्त पोहोचले तरच जगतो. ते पोहोचावे म्हणून नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावणाऱ्या प्रथिनांचा, म्हणजे ग्रोथ फॅक्टरचा, वापर तीन दशकांहून अधिक काळ तपासला जात आहे. या कामातून माझे मत असे झाले आहे की कोणता घटक निवडला यापेक्षा तो स्नायूच्या कोणत्या भागात, किती दिवस आणि कशा तयारीच्या स्नायूत दिला, यावर निकाल अधिक अवलंबून असतो. म्हणून घटकाची बाटली मागवण्याआधी स्नायूकडे पाहावे.

स्नायू कुठे मरतो

माथेस आणि नहाई या प्लास्टिक सर्जननी १९८१ साली स्नायूंचे रक्तपुरवठ्यानुसार केलेल्या वर्गीकरणात लॅटिसिमस डॉर्साय पाचव्या प्रकारात येतो. या प्रकारच्या स्नायूला एक प्रमुख देठ असतो आणि दुसऱ्या बाजूने अनेक लहान वाहिन्या येऊन मिळतात. येथे प्रमुख देठ म्हणजे काखेच्या बाजूने येणारी थोरॅकोडॉर्सल धमनी, आणि लहान वाहिन्या म्हणजे पाठीच्या कण्याच्या बाजूने बरगड्यांमधून व कमरेच्या भागातून स्नायूत शिरणाऱ्या शाखा. स्नायू छातीत नेण्यासाठी या सर्व लहान शाखा तोडाव्याच लागतात. ज्या टोकाला त्या रक्त देत होत्या, त्या टोकाला आता सगळे रक्त काखेकडूनच यावे लागते, आणि त्याची अवस्था कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतासारखी होते: वर पाणी भरपूर असले तरी खाली पोहोचेल याची खात्री नसते. अडचण अशी की हृदयाला गुंडाळताना हेच दूरचे टोक निलयांभोवती, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांभोवती, येते. म्हणजे ज्या भागाकडून कामाची अपेक्षा सर्वांत जास्त, त्याच भागाचा रक्तपुरवठा सर्वांत कच्चा असतो. अशा स्नायूंची पुढे तपासणी केली असता दूरच्या भागात तंतू झिजलेले आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊतक आलेले आढळते ते यामुळेच.

दोन रक्तक्षेत्रांच्या सीमेवर अरुंद जोडवाहिन्या असतात, हे मेलबर्नचे प्लास्टिक सर्जन इयन टेलर यांच्या १९८७ सालच्या मांडणीतून स्पष्ट झाले. लहान शाखा आधी बांधून ठेवल्या आणि स्नायू जागेवरच राहू दिला, तर या जोडवाहिन्या रुंद होतात, आणि त्यांच्या रुंदावण्याचा जोर साधारण ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. यालाच शल्यचिकित्सक ‘डिले’ म्हणतात. व्यवहारात शाखा बांधणे आणि स्नायू उचलणे यांत दहा ते चौदा दिवसांचे अंतर ठेवले जाते. कार्डिओमायोप्लास्टीच्या लेखनात मात्र ‘डिले’ हाच शब्द स्नायू गुंडाळून झाल्यावर त्याला उत्तेजन न देता दिलेल्या दोन आठवड्यांच्या विश्रांतीसाठीही वापरलेला दिसतो. प्रयोगाचा आराखडा लिहिताना या दोन गोष्टींना वेगळी नावे द्यावीत, नाहीतर पुढे आपलेच आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत.

हा शस्त्रक्रियेतला डिले स्वस्त आहे, त्याला कोणतेही औषध लागत नाही आणि त्याचा परिणाम पक्का आहे. म्हणून ग्रोथ फॅक्टरने डिलेपेक्षा अधिक काही साधले का, हाच खरा प्रश्न आहे. काहीही न केलेल्या स्नायूशी तुलना करून मिळवलेले यश फारसे उपयोगाचे नसते.

हेतू ठरवणे

घटक निवडण्याआधी दोन हेतूंपैकी कोणता धरायचा ते कागदावर लिहावे. पहिला हेतू स्नायू स्वतः जगावा आणि थकू नये हा आहे. दुसरा हेतू स्नायूतून हृदयाच्या उपाशी भागाला रक्त मिळावे हा आहे. दुसरी कल्पना पहिलीपेक्षा जुनी आहे. क्लीव्हलँडचे क्लॉड बेक यांनी १९३५ साली छातीच्या पेक्टोरल स्नायूचा पट्टा रुग्णाच्या हृदयावर बसवला, तो हृदयाने काम करावे म्हणून नव्हे तर त्याला नव्या वाटेने रक्त मिळावे म्हणून. या दोन हेतूंसाठी घटक देण्याची जागा वेगळी असते: पहिल्यात तो स्नायूच्या दूरच्या तिसऱ्या भागाच्या आत हवा, दुसऱ्यात स्नायू आणि हृदयाचा पृष्ठभाग यांच्या सांध्यात हवा. दोन्ही एकाच प्रयोगात साधण्याचा मोह टाळावा.

डेव्हिड कॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की कार्डिओमायोप्लास्टीनंतर रुग्णाच्या हृदयाचा आकार सुधारतो तो बव्हंशी स्नायूच्या बाहेरून मिळणाऱ्या लवचिक आधारामुळे, प्रत्येक ठोक्याला मिळणाऱ्या जोरामुळे तितका नव्हे. तंतुमय झालेला मृत पट्टाही काही काळ आधार देतो, पण तो लवचिक राहत नाही. त्यामुळे ‘हृदय सुधारले’ एवढ्या नोंदीवरून स्नायू जिवंत आहे असे मानता येत नाही. स्नायूची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

कोणता घटक कशासाठी

व्हीईजीएफ हा घटक केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढायला आणि सरकायला लावतो. नव्या वाहिन्यांची सुरुवात तो झपाट्याने करतो, परंतु त्या वाहिन्या पाझरतात. हा गुण त्याच्या अगदी पहिल्या नावातच होता, कारण १९८३ साली तो प्रथम वाहिन्यांची पाझरणक्षमता वाढवणारा पदार्थ म्हणून ओळखला गेला. एकटा आणि थोड्याच दिवसांसाठी दिलेला व्हीईजीएफ स्नायूत सूज आणतो, आणि उगवलेल्या वाहिन्या तो थांबताच मागे हटतात.

बीएफजीएफ, ज्याला एफजीएफ-२ असेही म्हणतात, तो अस्तराच्या पेशींबरोबरच वाहिनीच्या भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूपेशींवरही काम करतो, म्हणून त्याने आलेल्या वाहिन्या अधिक टिकाऊ असतात. कार्डिओमायोप्लास्टीच्या स्नायूवर प्राण्यांत सर्वांत जास्त तपासला गेलेला घटक हाच आहे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनशी त्याचा घट्ट बंध बसतो; १९८०च्या दशकात त्याचे शुद्धीकरण याच गुणामुळे सोपे झाले, आणि आजही त्याला टिकवून धरण्यासाठी हेपॅरिन वापरतात. एक गोष्ट मात्र अनेक आराखड्यांत राहून जाते. हा घटक स्नायूच्या मूळपेशींची संख्या वाढवतो, पण त्यांचे एकमेकींशी जुळून तंतू होणे लांबवतो. रक्तवाहिन्यांची मोजणी चांगली आली आणि तंतू मात्र भरले नाहीत, असा निकाल आला तर त्याचे कारण येथे शोधावे.

आयजीएफ-१ स्नायूपेशींची वाढ आणि तंतूत रूपांतर, दोन्हींना पोषक आहे, परंतु रक्तवाहिन्यांच्या बाबतीत तो दुय्यम आहे. एचजीएफ सुप्त मूळपेशींना जागे करतो आणि रक्तवाहिन्यांनाही मदत करतो. पीडीजीएफ-बीबी नव्या वाहिन्यांभोवती आधारपेशी गोळा करतो. तो एफजीएफ-२ बरोबर दिला असता वाहिन्या एकेकट्या घटकापेक्षा जास्त काळ टिकल्याचे प्राण्यांत दिसले आहे.

पहिल्याच प्रयोगाला बसणाऱ्याने बीएफजीएफपासून सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे. जोडीचे प्रयोग आकर्षक असतात, पण प्रत्येक जोडीबरोबर तुलनेचे गट वाढतात आणि विद्यार्थ्याकडे तेवढे प्राणी, तेवढा निधी आणि तेवढा वेळ नसतो.

येथे प्लेटलेटयुक्त प्लाझ्माबद्दल बोलणे भाग आहे, कारण अनेक विभागांत तो हाताशी असतो आणि रुग्णाच्याच रक्तातून निघतो म्हणून निरुपद्रवी मानला जातो. त्यात पीडीजीएफ आणि व्हीईजीएफ असतात हे खरे, पण टीजीएफ-बीटा हा तंतुमय ऊतक वाढवणारा घटकही असतो. ज्या स्नायूचा मुख्य शत्रूच तंतुमयता आहे, त्यात हे मिश्रण ओतण्याआधी विचार करावा. शिवाय प्रत्येक नमुन्यात घटकांचे प्रमाण वेगळे असल्याने त्यावरून मात्रेविषयी काहीही ठरवता येत नाही.

घटक हाताळणे आणि पोहोचवणे

ही प्रथिने भुकटीच्या रूपात येतात आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, त्यामुळे हलगर्जीपणाने होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बाटली उघडण्याआधी ती क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाकणाला चिकटलेली भुकटी तळाशी आणावी. उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणातच ती विरघळवावी आणि त्यात थोडे अल्ब्युमिन घालावे; ते नसेल तर घटकाचा मोठा भाग नळीच्या प्लास्टिकला चिकटून राहतो आणि प्राण्याला आपण समजतो त्याहून कमी मात्रा मिळते. नळी जोराने हलवू नये, फेस आला की प्रथिन बिघडते. द्रावणाचे एका वेळेला पुरतील असे लहान भाग करून ते गोठवून ठेवावेत, आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. प्रत्येक नव्या बॅचची ताकद पेशींवर तपासून मगच ती प्राण्यात वापरावी.

रक्तात सोडलेला घटक फार टिकत नाही. व्हीईजीएफ तासाभराच्या आत निम्म्याहून कमी होतो. नवी वाहिनी पक्की व्हायला मात्र आठवडे लागतात. म्हणून पोहोचवण्याची पद्धत ठरवताना घटक त्या जागी किती दिवस राहील, हे सर्वांत आधी पाहावे.

सर्वांत साधी पद्धत दूरच्या भागात अनेक ठिकाणी बारीक सुईने थोडे थोडे टोचण्याची आहे. ती सोपी असली तरी घटक लवकर वाहून जातो आणि सुईच्या जखमेमुळेही थोड्या रक्तवाहिन्या उगवतात, हे विसरू नये. थोरॅकोडॉर्सल धमनीत पंपाने घटक सोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्यात तो देठापासून पुढे जातो, परंतु ज्या टोकाला रक्तच कमी जाते तेथे घटकही कमीच पोहोचतो. अम्लीय जिलेटिनच्या जेलमध्ये बीएफजीएफ बांधून ठेवला, तर जेल जसजसे विरघळते तसतसा तो सुमारे दोन आठवडे बाहेर येत राहतो. हेपॅरिन आणि अल्जिनेट यांच्या मण्यांमधून तो त्याहूनही संथपणे सुटतो. घटकाचे जनुक प्लाझ्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळातून, दिल्यास स्नायूच तो काही दिवस ते एकदोन आठवडे तयार करतो, पण तेथे मात्रा आपल्या हातात राहत नाही.

स्नायू आणि हृदय यांच्या सांध्यासाठी फायब्रिन ग्लू सोयीचा आहे. घटक फायब्रिनोजेनच्या बाजूला मिसळावा. थ्रॉम्बिनचे प्रमाण जास्त असेल तर ग्लू काही सेकंदांत जमतो आणि स्नायू नीट बसवायला वेळ मिळत नाही; प्रमाण कमी ठेवले तर जमायला मिनिट किंवा अधिक लागतो आणि धडधडणाऱ्या हृदयावर तो घरंगळतो. मध्यम प्रमाण निवडून, थर पातळ ठेवून, जमेपर्यंत सहायकाने स्नायूवर पसरलेल्या हाताने हलका दाब धरून ठेवावा. जाड थर नव्या वाहिन्यांना भिंतीसारखा आड येतो. हृदयाच्या पृष्ठभागावरची पातळ चकाकी आधी गॉजने हलकेच खरडून काढल्यास सांधा चांगला धरतो.

मात्रेबाबत माणसांवरील बायपास शस्त्रक्रियेतले अनुभव दिशा देतात. हेपॅरिन-अल्जिनेट मण्यांतून बीएफजीएफ देणाऱ्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या २४ रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत १० आणि १०० मायक्रोग्रॅम अशा दोन मात्रा होत्या. जर्मनीत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एफजीएफ-१, म्हणजे बीएफजीएफच्याच कुळातला घटक, हृदयाच्या स्नायूत टोचला गेला आणि तुलनेच्या गटाला तोच घटक उष्णतेने निकामी करून दिला गेला. ही दुसरी युक्ती प्रत्येक प्रयोगात वापरण्यासारखी आहे, कारण तिने सुई, द्रावण आणि प्रथिनाची उपस्थिती या सर्वांचा परिणाम बाजूला काढता येतो.

मात्रा वाढवली की फायदा वाढतो, ही समजूत सोडून द्यावी. व्हीईजीएफ सतत आणि अनियंत्रित तयार करणाऱ्या पेशी उंदरांच्या स्नायूत सोडल्यावर तेथे रक्तवाहिन्यांच्या गाठी तयार झाल्या. पुढच्या कामातून असे दिसले की स्नायूत एकूण किती घटक आहे यापेक्षा एका पेशीभोवती तो किती दाट आहे, यावर सुदृढ वाहिनी की गाठ हे ठरते. म्हणून एका जागी मोठा ठिपका सोडण्यापेक्षा अनेक जागी थोडे थोडे सोडणे सुरक्षित आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

स्नायू उचलण्याआधी, तो जागेवर असतानाच, त्याच्या लांबीवर ठरावीक अंतरावर धाग्याचे टाके घालून खुणा कराव्यात. सुटल्यावर स्नायू आखडतो, आणि गुंडाळताना या खुणांमधले अंतर पूर्वीइतके भरले की तो मूळ ताणावर आला असे समजावे. ताण जास्त झाला तर त्यातला रक्तप्रवाहच दबतो आणि कोणताही घटक त्याची भरपाई करू शकत नाही. सैल राहिला तर आकुंचनाचा जोर वाया जातो. देठाला पीळ पडलेला नाही हे खिडकीतून बोट घालून पाहावे, आणि ताण देठावर येऊ नये म्हणून स्नायूचे काखेकडचे टोक बरगडीच्या अस्थिआवरणाला बांधावे.

दूरच्या कडेला छोटा काप घेऊन रक्त पाहावे. लालभडक आणि लगेच येणारे रक्त चांगले. काळसर आणि उशिरा झिरपणारे रक्त म्हणजे ते टोक धोक्यात आहे. सोय असल्यास इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग रक्तात देऊन चमक कुठपर्यंत पोहोचते त्याचे छायाचित्र घ्यावे. जे टोक आत्ताच मेलेले आहे ते कापून टाकावे. ग्रोथ फॅक्टर मेलेल्या स्नायूला उठवत नाही, तो केवळ उपाशी स्नायूला हात देतो.

वेळ आणि वीज

१९६९ साली सॅल्मन्स आणि व्हर्बोव्हा यांनी दाखवले की संथ आणि सततच्या विजेने वेगवान तंतूंचे संथ, न थकणाऱ्या तंतूंत रूपांतर होऊ लागते. कार्डिओमायोप्लास्टी शक्य झाली ती या शोधामुळे. रूढ पद्धतीत गुंडाळल्यावर दोन आठवडे विश्रांती, नंतर एकेक स्पंद, आणि पुढे हळूहळू स्पंदांचे झुबके वाढवत आठदहा आठवड्यांनी पूर्ण काम असा क्रम असतो.

या प्रशिक्षणात स्नायू स्वतःच व्हीईजीएफ तयार करतो आणि त्यातल्या केशवाहिन्या वाढतात. म्हणजे विजेचा कार्यक्रम हाच एक ग्रोथ फॅक्टरचा कार्यक्रम आहे, आणि बाहेरून दिलेल्या घटकाची वेळ त्याच्याशी जुळली पाहिजे. माझ्या मते बाहेरच्या घटकाचे सर्वांत मोलाचे दिवस म्हणजे लहान शाखा बांधल्यापासून वीज सुरू होईपर्यंतचे, कारण त्या काळात स्नायूची स्वतःची निर्मिती अजून जागी झालेली नसते आणि रक्ताची तूट सर्वाधिक असते. वीज सुरू झाल्यावर दिलेला घटक बहुधा उशिराचा ठरतो.

दुसरी अट मुदतीची आहे. व्हीईजीएफ लवकर बंद केला तर वाहिन्या विरतात आणि सुमारे महिनाभर टिकवला तर त्या पुढे त्याच्याविना राहतात, असे प्राण्यांतील काम सांगते. दोन आठवड्यांत संपणारे जेल वापरत असाल, तर त्यानंतर लगेच वीज सुरू होईल असे वेळापत्रक आखावे, म्हणजे घटकाची जागा स्नायूचे स्वतःचे उत्पादन घेईल. वीजही अति देऊ नये. रात्रंदिवस प्रत्येक ठोक्याला आकुंचन करणारा स्नायू झिजतो. इटलीतल्या काही गटांनी दिवसातले काही तास स्नायूला विश्रांती देण्याची पद्धत याच कारणाने सुचवली.

गट आणि मोजमाप

लहान प्राण्यांत उंदीर आणि ससा, मोठ्यांत शेळी आणि मेंढी सोयीची आहेत. लहान प्राण्यांत मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी, मोठ्यांत फक्त अखेरचा प्रश्न विचारावा. तुलनेसाठी किमान पुढचे गट हवेत: काहीच न दिलेला, फक्त वाहक जेल दिलेला, फक्त डिले केलेला, फक्त वीज दिलेला, फक्त घटक दिलेला आणि सर्व एकत्र दिलेला. हेपॅरिन वापरले असेल तर त्याचा स्वतंत्र गट लागतो, कारण हेपॅरिनचा स्वतःचाही रक्तवाहिन्यांवर परिणाम असतो. कोणत्या प्राण्याला काय दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे.

नमुने नेहमी जवळच्या, मधल्या आणि दूरच्या अशा तीन भागांतून घ्यावेत आणि तिन्हींचे आकडे वेगळे छापावेत. संपूर्ण स्नायूची सरासरी काढली की जवळच्या निरोगी भागाचे आकडे दूरच्या भागाचे अपयश झाकतात. रक्तप्रवाहासाठी रंगीत किंवा चमकणाऱ्या सूक्ष्म गोलकांची पद्धत विश्वासार्ह आहे. ती विश्रांतीत आणि आकुंचनात अशी दोनदा वापरावी, कारण विश्रांतीत पुरेसा वाटणारा प्रवाह कामाच्या वेळी तोकडा पडतो.

केशवाहिन्या मोजताना एक सापळा आहे. चौरस मिलिमीटरमागे वाहिन्या मोजल्या आणि तंतू झिजून बारीक झालेले असले, तर तेवढ्याच जागेत अधिक वाहिन्या मावतात आणि ऱ्हास पावणारा स्नायू कागदावर समृद्ध दिसतो. म्हणून दर तंतूमागे किती केशवाहिन्या, हे गुणोत्तर काढावे आणि त्याबरोबर तंतूंचा व्यास द्यावा. सीडी-३१च्या रंगाने अस्तर दिसते, पण वाहिनी पक्की आहे का हे कळण्यासाठी गुळगुळीत स्नायूचा अ‍ॅक्टिन रंगवावा. तंतुमयता ट्रायक्रोम रंगाने, चरबी गोठवलेल्या कापावर, आणि तंतूंचा प्रकार मायोसिनच्या प्रतिपिंडांनी पाहावा. शेवटी स्नायू यंत्रावर लावून त्याचा जोर आणि थकवा मोजावा.

उगवलेल्या वाहिन्या टिकल्या का हे पाहण्यासाठी घटक संपल्यानंतर किमान दोनतीन महिन्यांनी दुसरी तपासणी ठेवावी. दुसऱ्याच आठवड्यात थांबलेले प्रयोग जवळजवळ नेहमी आशादायक दिसतात.

माणसापर्यंत जाण्याआधी

प्राण्यांतील यश माणसात उतरतेच असे नाही, याचा या क्षेत्राला कडू अनुभव आहे. हृदयधमनीच्या आजारात व्हीईजीएफची १७८ रुग्णांची आणि एफजीएफ-२ची ३३७ रुग्णांची चाचणी झाली. दोन्हींत चालण्याची क्षमता ठरलेल्या मुदतीला नुसते द्रावण मिळालेल्या रुग्णांपेक्षा लक्षणीय वाढली नाही, आणि द्रावण मिळालेले रुग्णही बरेच सुधारले. हृदयावर बसवण्यासाठी मांडीच्या स्नायूतील पेशींपासून वाढवलेल्या पापुद्र्यांना, जे मुख्यतः व्हीईजीएफ आणि एचजीएफसारखे घटक सोडून काम करतात असे मानले जाते, जपानने २०१५ साली सशर्त मान्यता दिली होती. पुरेसा परिणाम सिद्ध न झाल्याने ती पुढे कायम झाली नाही.

धोक्यांत रक्तदाब घसरणे, एफजीएफ-२ मुळे मूत्रातून प्रथिने जाणे, स्नायूला सूज येऊन देठ दबणे आणि हृदयावरणात पाणी साचणे यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणून प्राण्यांतही लघवीची आणि हृदयाच्या सोनोग्राफीची नोंद पहिल्या आठवड्यापासून ठेवावी.

भारतात प्राण्यांवरील कोणत्याही कामाआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि मोठ्या प्राण्यांसाठी प्रस्ताव सीसीएसईए या केंद्रीय समितीपर्यंत जातो. मेंढी किंवा शेळी वापरायची असल्यास हा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. माणसावर ग्रोथ फॅक्टर नव्या कारणासाठी वापरणे २०१९च्या नवी औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांखाली येते, आणि चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या भारताच्या चाचणी-नोंदवहीत करावी लागते. स्थानिक नैतिकता समितीच्या संमतीवर भागवून ‘एकदा करून पाहू’ असा मार्ग कोणी सुचवला, तर तो नाकारावा. चाचणीचे निकष लिहिताना कर्करोगाचा इतिहास असलेले आणि मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवलेले रुग्ण वगळावेत. महाराष्ट्रात हृदयविकाराचे अनेक रुग्ण मधुमेहीही असतात, त्यामुळे यादीत नाव घालण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल संमतीपत्रासोबत जोडून ठेवावा.